बाजू दोन : रिकामी

टेप भाजावी लागते.
हे सांगितलं की देवरुखात सगळे हसतात,
पापडासारखी?
हो, जवळजवळ. चोपन्न अंशांवर, आठ तास,
मग पन्नास वर्षांचा चिकटपणा सुटतो
आणि एकदा, फार तर दोनदा,
ती बोलायला राजी होते.

बाहेर सखीरच्या माळावर शेहेचाळीस.
मुनीराबाई म्हणतात, भट्टी कशाला विकत घेतली,
गच्चीवर ठेवल्या असत्या.
विद्यापीठाच्या तळघरात मात्र अठरा.
ऑगस्टात मी स्वेटर घालते.

आजची पेटी मुहर्रकहून आलेली.
डब्यावर : १९७४. सालमीन बिन फरहान, नह्हाम.
नह्हाम म्हणजे मोत्यांच्या गलबतावरचा गाणारा,
ज्याला बुडी मारावी लागत नसे,
ज्याचं काम एवढंच
की वल्ही मारणाऱ्यांचा दम तुटू द्यायचा नाही.
गलबतं तेव्हा केव्हाच वाळूवर चढलेली.
म्हातारा कुणाच्या तरी दिवाणखान्यात बसून गातो,
मागे पुरुष पोटातून घुमतात,
इतक्या खालून, की सुई हलते
आणि कान म्हणतो, छे, काही नाही.

बाजू दोन : रिकामी.
रिकामी बाजूही शेवटपर्यंत चालवायची.
नियम माझा नाही, पण पाळते,
कंटाळा येतो तिथेच माणसं सापडतात.

एकोणीस मिनिटं नुसती सरसर,
मंद आचेवर तवा विसरल्यासारखी.
मग खुर्ची सरकते.
मग कुणी बोलायच्या आधीच
बोलणं ऐकू येतं, फिकं, तळातून.
चमत्कार नव्हे. गुंडाळलेल्या टेपचा एक वेढा
शेजारच्या वेढ्यावर उमटत राहतो,
ओली शाई समोरच्या पानावर उतरावी तसा.
आमच्या धंद्यात याला दोष म्हणतात.
काढून टाकायचं सॉफ्टवेअर आहे.

आये,
आणि सेकंदाने, खरं : आये.
ह्यो सायबाचा मशीन हाय. सायब न्हाय घरात.
हितं समिंदर हाय, पन मासली आपली न्हाय.
मी
दार. खट.
बावीस सेकंद.

त्या 'न्हाय'वरून मी तालुका सांगू शकते,
कदाचित खाडीचा कुठला काठ तेही.
नाव नाही सांगू शकत.
स्वयंपाकी असेल. किंवा रोज त्या मशीनवरची
धूळ पुसणारा कुणी,
ज्याने बघून ठेवलं होतं
की दोन बटणं एकदम दाबावी लागतात.

नोंदपत्रकात भाषेचा रकाना :
अरबी, फारसी, बलुची, स्वाहिली, इतर.
मराठी घाला म्हणून मी अर्ज केला.
तीन आठवड्यांनी उत्तर : एका नोंदीसाठी?
वक्ता, अज्ञात. ठिकाण, सायबाचं घर.
विषय काय लिहू.
लिहिलं, मासळी.

मुनीराबाईंनी डोळे मिटून ऐकलं.
मध्येच बोट वर केलं, लगेच पुन्हा.
म्हणाल्या, हा दोनदा हाक मारतो.
एकदाच, मी म्हटलं. पहिली टेपची.
त्यांनी हेडफोन काढून वायरची गुंडाळी केली,
सोडली, परत केली.
काय म्हणतो ते विचारलंच नाही.
टेपची ठेव, म्हणाल्या.

खरं तर मी पुसणारच होते.
आवाज स्वच्छ करण्याचाच मला पगार मिळतो.

दुपारी सालमीनची दुसरी टेप भट्टीत ठेवली,
घड्याळ लावलं, डबा फडक्याने पुसला.
मूळ लेबलावर काट मारायची नसते,
म्हणून 'रिकामी' तशीच राहू दिली.
खाली मऊ पेन्सिलीने,
त्याच्याच उच्चारात लिहिलं :
न्हाय.